पडण्यासाठी बांधलेला अडथळा

घोड्याला उडी शिकवण्यासाठी मैदानात जो अडथळा उभा करतात, तो पडण्यासाठीच बांधलेला असतो. शो-जंपिंगच्या नियमांत घोड्याचा पाय पोलला नुसता घासून गेला तर दंड नाही. पोल खाली आला तर चार गुणांचा दंड. दोन उभे स्टँड, त्यांना अडकवलेले दोन उथळ कप आणि त्या कपांत नुसता टेकवलेला लांब, गोल पोल, एवढीच या अडथळ्याची रचना. त्यात कुठे खिळा नाही, गाठ नाही, बोल्ट नाही. म्हणूनच ही वस्तू गावातल्या सुताराकडून आणि वेल्डरकडून करून घेता येते, आणि तशी ती जगभर करून घेतली जाते. इंग्लंड-अमेरिकेत स्वतःच्या आवारात एखाददुसरा घोडा पाळणारी माणसं जंप घरीच बनवतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या आसपासच्या लहान रायडिंग स्कूलांना दुसरा पर्याय क्वचितच परवडतो, कारण परदेशी बनावटीच्या संचाची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर असते. घरी बनवलेल्या जंपमध्ये कमीपणा काहीच नाही. प्रश्न आहे तो काटकसर कुठे करायची याचा. माझं म्हणणं असं की पोल सहज पडावा यासाठी लागेल तो खर्च आणि लागतील ते कष्ट करावेत आणि बाकी सगळ्यात हात आखडता घ्यावा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटं होतं. रंगरंगोटी झकास असते, आणि पोल टेकलेला असतो लाकडात ठोकलेल्या दोन मोठ्या खिळ्यांवर.

या खेळाचा इतिहासही त्याच दिशेने गेलेला आहे. 1868 साली डब्लिनमध्ये रॉयल डब्लिन सोसायटीच्या घोड्यांच्या प्रदर्शनात उंच आणि लांब उडीच्या स्पर्धा झाल्या, त्या शिकारीच्या घोड्यांची पारख करण्यासाठी. शेतांभोवतीची कुंपणं, दगडी बांध आणि चर ओलांडत शिकारीमागे धावणारा घोडा विकत घेण्याआधी त्याची उडी पाहावी, हा हेतू होता. खऱ्या बांधाची जागा मैदानातल्या प्रतीकाने घेतली आणि हळूहळू ते प्रतीक हलकं, सुटं, पडणारं होत गेलं. क्रॉस-कंट्रीच्या शाखेत मात्र ओंडक्यांचे पक्के अडथळे टिकून राहिले. तिथला सर्वांत भीषण अपघात म्हणजे घोड्याचे पुढचे पाय वरच्या बाजूला अडकून त्याचं सगळं शरीर कोलांटी घेतं आणि तो स्वारावर येऊन पडतो. 1999 साली ब्रिटनमध्ये अशा स्पर्धांत एकापाठोपाठ एक स्वार दगावले, तेव्हा चौकशी समिती नेमावी लागली आणि पुढे ठरावीक जोर पडला की मोडणारी पिन पक्क्या अडथळ्यांतही बसवली जाऊ लागली. अडथळ्याने जागा सोडली पाहिजे, हे त्या शाखेला माणसं गमावून शिकावं लागलं. साध्या पोल-कपाच्या जंपमध्ये ते पहिल्यापासून आयतं मिळालेलं आहे. घरी बांधताना ते घालवू नये, एवढीच अपेक्षा.

ते घालवलं जातं मुख्यतः कपात. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाचा नियम सांगतो की पोल त्याच्या आधारावर गडगडू शकला पाहिजे आणि त्या आधाराची खोली किमान 18 आणि कमाल 30 मिलिमीटर असावी. हा आकडा किती महत्त्वाचा आहे ते शाळेतल्या भूमितीने कळतं. पोलचा व्यास 10 सेंटिमीटर आणि कप त्याला नेमका बसणारा धरा. घर्षण बाजूला ठेवलं, तर 18 मिलिमीटर खोल कपातून पोल बाहेर काढायला आडवा धक्का पोलच्या वजनाच्या साधारण सव्वापट लागतो. खोली 30 मिलिमीटर केली की तोच धक्का सव्वादोन पटींच्या वर जातो. बारा मिलिमीटरचा फरक, पण जोर जवळजवळ दुप्पट. आणि कप अर्धगोल, म्हणजे 50 मिलिमीटर खोल असेल, तर सरळ आडव्या धक्क्याने पोल बाहेर निघतच नाही. तो आधी वर उचलला गेला पाहिजे. घोड्याची टाप तो उचलत नाही. मग एक तर स्टँडसकट सगळं कोसळतं किंवा घोडा अडकतो.

आता घरगुती कप कसे होतात ते पाहा. सांडपाण्याचा 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो उभा चिरून दोन अर्धी नळकांडी केली की दोन कप तयार, असं वाटणं साहजिक आहे. दहा सेंटिमीटरचा पोल त्यात छान बसतो. तो फार छान बसतो हाच त्यातला धोका. अर्धा चिरलेला पाइप म्हणजे वर सांगितलेला अर्धगोल कप. त्याच पाइपाची फक्त तळाकडची उथळ चीर घेतली, सुमारे 25 मिलिमीटर खोल आणि नऊ सेंटिमीटर रुंद, तर तोच स्वस्तातला माल नियमाच्या मापात बसतो. वेल्डरकडून लोखंडी पट्टी वाकवून घेत असाल तर वाक पोलच्या गोलाईपेक्षा थोडा पसरट ठेवायला सांगा आणि कडा घासून बोथट करून घ्या. फळी किंवा फाटकासारखा सपाट तुकडा ठेवायचा असेल तर आधार आणखी उघडा, जवळजवळ सपाटच हवा. पोल नसलेला रिकामा कप स्टँडवर राहू देऊ नये, कारण उघडं लोखंड स्वाराच्या बरगडीला आणि घोड्याच्या खांद्याला सारखंच लागतं. कप स्टँडच्या दर्शनी बाजूला बसवलेला असेल तर आणखी एक गोष्ट पाळावी लागते. पोल घोडा उतरतो त्या बाजूला असला पाहिजे. उलट दिशेने उडी मारली की पोल खांबावरच दाबला जातो आणि कप कितीही उथळ असला तरी त्याचा उपयोग होत नाही.

दोन पोल पुढे-मागे ठेवून केलेली रुंद जंप, ज्याला स्वार ऑक्सर म्हणतात, तिचं गणित वेगळं आहे. पुढच्या पोलला पाय लागतो तो समोरून, म्हणून तो पुढे गडगडतो. मागच्या पोलवर घोडा वरून येतो. उडी कमी पडली तर त्याच्या शरीराचा भार पोलला खाली, कपाच्या आत दाबतो. त्या क्षणी उथळ कपही फारसा कामाचा नसतो, आणि म्हणूनच रुंद जंपच्या मागच्या पोलसाठी भार पडताच खाली मोडून पोल सोडणारे सेफ्टी कप महासंघाने सक्तीचे केले आहेत. हा कप घरी करू नये. स्प्रिंग, बिजागरी आणि सुटण्याचा नेमका जोर यांची चाचणी वेल्डिंगच्या दुकानात होत नाही. दोन सेफ्टी कप विकत घेण्याइतके पैसे असतील तर ऑक्सर बांधा. नसतील तर बांधू नका. एका पोलच्या साध्या आणि फुलीच्या जंपवर घोड्याला आणि स्वाराला शिकवण्यासारखं पुष्कळ असतं.

पोलच्या निवडीत आपल्याकडची परिस्थिती युरोपपेक्षा निराळी आहे. तिकडे पाइनसारखं हलकं लाकूड सहज मिळतं. साडेतीन मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर जाडीच्या पाइनच्या पोलचं वजन साधारण 14 किलो भरतं. तेच माप बाभळीत घेतलं तर 22 किलोच्या आसपास जातं, आणि इतका जड पोल शिकाऊ घोड्यासाठी कठोर आहे. वखारीत आणि बांधकामावर मिळणारी निलगिरीची बल्लीही जड, पण तिच्यावर सोपा उपाय आहे. लांबी तीन मीटर आणि जाडी नऊ सेंटिमीटर ठेवली तर सुकलेल्या निलगिरीचा पोलही 14 किलोच्या जवळ येतो. म्हणजे लाकूड जड असेल तर माप कमी करावं आणि वजन स्पर्धेतल्या पोलइतकं राखावं. लांबी तीन मीटरच्या खाली मात्र नेऊ नये, कारण अरुंद जंपला बगल देऊन निघून जायला घोडा लवकर शिकतो. बल्ली बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असते, तेव्हा सुताराकडून रंधा मारून ती जमेल तितकी एकसारखी गोल करून घ्यावी. चौकोनी वासा किंवा दोन बाजूंनी चपटा ओंडका स्वस्त मिळतो म्हणून तसाच वापरला जातो, पण चपटी बाजू कपात बसली की गडगडणं संपलं. पैसे खर्च करण्याच्या जागांपैकी सुताराची मजुरी ही एक आहे.

पीव्हीसी पाइपचे पोल सर्वांत स्वस्त आणि हलके, म्हणून त्यांचा मोह होतो. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतं आणि आपल्याकडच्या दोन-तीन उन्हाळ्यांनंतर टापेखाली फुटून त्याच्या धारदार कपच्या होतात. वाऱ्याने असा पोल कपातून आपोआप निघतो, हेही घोड्याच्या शिक्षणाला बरं नाही. वजन यावं म्हणून त्यात वाळू भरणं हा सर्वांत वाईट इलाज: मग तो जडही होतो आणि फुटतोही. जमिनीवर ठेवायच्या खुणेसाठी पीव्हीसी चालेल, तेही रोज तपासून. बांबूचं तसंच आहे. कोकणातला भरीव माणगा बराच टणक असतो, पण पोकळ बांबू टापेखाली चिरला की लांब सुईसारखे तुकडे निघतात, आणि ते घोड्याच्या पायाच्या शिरांच्या उंचीवर असतात.

स्टँडसाठी मात्र मन मोकळं ठेवावं. दीड मीटर उंचीचा चौकोनी खांब, खाली चारी बाजूंना रुंद पाय, खांबाला सात-साडेसात सेंटिमीटर अंतरावर भोकं आणि त्यांत घालायची पिन, एवढं कोणताही सुतार एका दिवसात करतो. त्याला कोरीवकाम नको, पंख नकोत. पाय घोडा उतरतो त्या बाजूला लांबवर पसरलेले नसावेत, इतकं पाहावं. भंगारातल्या वस्तूंना मात्र चाळणी लावावी लागते. 200 लिटरचं प्लास्टिकचं रिकामं पिंप आडवं करून, दोन्ही बाजूंना पाचर लावून, पोलखाली ठेवायचं उत्तम फिलर होतं. पाण्याने भरलं की तेच 200 किलोचा न हलणारा दगड होतं. लोखंडी पिंपाची कड पाय कापते. मालवाहतुकीचं लाकडी पॅलेट आणि दुधाचे प्लास्टिकचे क्रेट मैदानात आणूच नयेत, कारण त्यांच्या फटीत टाप अडकते आणि घाबरलेला घोडा ते पायात घेऊन धावतो. निरुपयोगी झालेल्या जाहिरातींचे फ्लेक्स हा मात्र महाराष्ट्रातला न संपणारा साठा आहे. हलक्या चौकटीवर ते घट्ट ताणून बसवले, कुठलंही टोक फडफडत ठेवलं नाही, तर घोड्याला अनोळखी चित्रांची आणि रंगांची सवय लावायला त्याहून स्वस्त साधन नाही. स्पर्धेत घोडा बिचकतो तो बहुधा उंचीला नाही, खाली ठेवलेल्या अनोळखी वस्तूला. ती भीती घालवायला पैसे लागत नाहीत.

रंगातही घोड्याच्या डोळ्याचा विचार करून पैसे वाचतात. घोड्याला तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. निळा आणि पिवळा त्याला बरे दिसतात. ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांच्या कडा वर्षानुवर्षं केशरी होत्या, कारण माणसाला त्या ठळक दिसत. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्याच्या नजरेने पाहिलं, तेव्हा तो केशरी गवतात मिसळून जातो असं आढळलं, आणि 2022 मध्ये तिथल्या शर्यतींच्या नियामक संस्थेने पांढऱ्याकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडची मैदानं चार महिने हिरवी आणि उरलेलं वर्ष तांबूस-तपकिरी. त्यावर लाल-हिरव्या पट्ट्यांपेक्षा पांढरा आणि निळा हेच सरस. रंग मात्र घरगुती वापराचाच घ्यावा. 2017 पासून भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या वर चालत नाही. औद्योगिक रंगाला ही खात्री नाही, आणि कंटाळलेला घोडा लाकूड चावतो. त्याच कारणाने वाळवीवर उपाय म्हणून जुनं इंजिन ऑइल किंवा डांबर फासणं टाळावं.

यावर पहिला आक्षेप अनुभवी प्रशिक्षकांकडून येतो: पोल सहज पडतो हे कळलं की घोडा निष्काळजी होतो, त्याला पायाला लागलं पाहिजे, तरच तो पाय आखडतो. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच पोल अगदी हलकाही नसावा. 14 किलोचा पोल पायाला पुरेसा जाणवतो. पण त्यापुढे गेलं की हाच विचार पोल उचलून घोड्याच्या पायावर मारण्यापर्यंत पोचतो. ती पद्धत एकेकाळी युरोपात बरीच चालत होती. आज ती क्रूरता मानली जाते आणि महासंघाने तिच्यावर बंदी घातली आहे. दुखण्याच्या भीतीने उंच उडी मारणारा घोडा एक दिवस उडी नाकारतो. आणि पोल पडेल याची खात्री असलेला स्वार लगाम सैल सोडतो, हा मुद्दा आक्षेप घेणारे विसरतात. इटालियन घोडदळातला अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली (1868-1907) याने उडीत घोड्याला मान आणि पाठ मोकळी द्यायला शिकवलं. आज जगभर उडीसाठी जी पुढे झुकलेली बैठक शिकवतात, तिचं मूळ त्याच्याकडे आहे. घाबरलेल्या स्वाराला ती बैठक साधत नाही.

दुसरा आक्षेप असा की असल्या साध्या, बुटक्या जंपवर घोडा तयार होतच नाही. इथे दोन घोडे आठवावेत. 1956 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू हॉलंडच्या बाजारातून कत्तलखान्याकडे निघालेला नांगराचा घोडा हॅरी डी लायर यांनी 80 डॉलरला घेतला. पुढे शेजाऱ्याला विकल्यावर तो कुंपणं ओलांडून परत येऊ लागला. तोच स्नोमॅन 1958 आणि 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेता ठरला. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मॅरियन कोक्स या तरुणीने स्ट्रोलर या जेमतेम 1.45 मीटर उंचीच्या पोनीवर वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं. ही अपवादात्मक उदाहरणं आहेत आणि एका प्रतिभावान घोड्यावरून सगळ्यांचा नियम काढता येत नाही, हे मान्य. पण उडीची क्षमता साधनाच्या किमतीतून येत नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं. साधनाने करायचं काम वेगळं: पावलांचं अंतर शिकवणं. ते जमिनीवरच्या पोलवर आणि कॅव्हलेटी नावाच्या पाव ते अर्धा मीटर उंचीच्या बुटक्या अडथळ्यांवर होतं, आणि जर्मनीचे ऑलिंपिक विजेते रायनर क्लिम्के यांनी याच सरावावर पुस्तक लिहिलं आहे. दुडक्या चालीसाठी पोलमधलं अंतर साधारण 1.3 ते 1.4 मीटर, दोन जंपमध्ये कँटरचं, म्हणजे मध्यम दौडीचं, एक पाऊल बसवायचं तर सुमारे 7.3 मीटर. हे माप मोठ्या घोड्याचं. भीमथडीसारख्या बेताच्या उंचीच्या घोड्यासाठी ते कमी करावं लागतं, आणि किती कमी ते त्या घोड्याचं पाऊल मोजूनच ठरतं. त्याला लागते ती मोजपट्टी. कॅव्हलेटी एकावर एक रचून उंच जंप करण्याचा मोह मात्र आवरावा. रचलेल्या कॅव्हलेटी घोड्याच्या पायांत गडगडत येतात.

तिसरा आक्षेप हिशोबाचा. पावसाळ्यात लाकूड कुजतं, वाळवी लागते, दर दोन-तीन वर्षांनी पोल बदलावे लागतात. त्यापेक्षा एकदाच चांगला संच घेतलेला काय वाईट? एखाद्या मोठ्या क्लबसाठी हे बरोबर असू शकतं. लहान शाळेला मात्र बदलता येणारं साधन हीच सोय आहे. आठ पोल, चार जोड्या स्टँड आणि काही कॅव्हलेटी पावसाळ्यात छपराखाली, जमिनीपासून उचलून ठेवल्या तर बराच काळ टिकतात, आणि चिरलेला पोल मनाला न लागता सरपणात टाकता येतो. महागडा पोल चिरला की त्याला पट्ट्या ठोकून पुन्हा वापरला जातो, आणि पट्टी ठोकलेला पोल धोक्याचा. कप आणि पिना मात्र शक्य असेल तिथे विकतच घ्याव्यात, हे मी मान्य करतो. सगळ्या संचात त्यांची किंमत सर्वांत कमी आणि जबाबदारी सर्वांत मोठी असते.

सारंगखेड्याच्या आणि अकलूजच्या बाजारात आजही घोडे घेणारी माणसं आहेत, खडकवासल्याच्या एनडीएत कॅडेट घोडेस्वारी शिकतात, आणि शहरांच्या कडेला मुलांसाठी नवी रायडिंग स्कूलं उघडत आहेत. या सगळ्यांच्या हाती पडेल अशी, मापांसह काढलेली, मराठीतली एक पानभर आकृती घोडेस्वारीच्या संघटनांनी छापून वाटावी: कपाची खोली, पोलची जाडी आणि वजन, स्टँडचे पाय, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या वस्तू. सुताराला आणि वेल्डरला ती वाचता आली पाहिजे. तोवर मुलाला घोडेस्वारीच्या वर्गात घालणाऱ्या पालकांनी पहिल्या दिवशी मैदानात जाऊन, घोडा लांब असताना, जंपच्या वरच्या पोलला मध्यभागी हाताने आडवं ढकलून पाहावं. तो गडगडून खाली आला तर मुलाला घोड्यावर बसू द्यावं. तो जागचा हलला नाही, तर कप बदलेपर्यंत त्या जंपवरून मुलाला उडी मारू देऊ नये, आणि हे प्रशिक्षकाला स्पष्ट सांगावं.